बठ्ठाप्रथम

ज्या एका शब्दाने माझी अप्रतिष्ठा केली, त्या शब्दाचा मी आजन्म ऋणी आहे. हे विधान मी पूर्ण शुद्धीवर आणि समाजशास्त्राचा प्राध्यापक या नात्याने करीत आहे. तो शब्द ‘बोली’.

आमची भाविका धुळ्याच्या एका महाविद्यालयात शिकवते. तिथेच राजदीप बैसाणे नावाच्या पशुवैद्यकाशी तिचे जमले. राजदीपचे घर बौद्ध, आमचे असोद्याचे लेवा पाटलांचे. ‘ओळख जन्माने मिळत नाही, ती घडत जाते,’ हे वाक्य मी जळगावच्या वर्गात इतक्या वेळा उच्चारले आहे की मुलीने ते खरे मानले याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नव्हता. तक्रार नव्हतीही. माझ्या असोद्याच्या चुलतभावाने, कुंदनने, तेवढा फोन केला. “दादा, तू शिकेल मानूस. आम्ही काय बोलनार?” म्हणाला. आमच्याकडे हे वाक्य उच्चारल्यावर माणूस पुढे पुष्कळ वेळ बोलतो. कुंदनही बोलला.

आईला, म्हणजे असोद्यातच राहणाऱ्या बेबाबाईंना, मी स्वतः जाऊन सांगितले. ती “बरं” म्हणाली. आई हा शब्द गारपिटीपासून नातवंडांच्या निकालापर्यंत सर्वत्र वापरते, त्यामुळे त्यातून काही निष्कर्ष काढणे शास्त्रीय दृष्ट्या अयोग्य ठरले असते.

एका रविवारी भाविका घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने.

“पप्पा, त्यांच्याकडे सगळे तयार आहेत. फक्त आजींनी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. राजदीपला आजींनीच वाढवलंय. त्या मनापासून ‘हो’ म्हणेपर्यंत तो तारीख धरणार नाही, आणि मीही नाही.”

“त्यांची काही अट आहे का?”

“अट नाही. एवढंच म्हणाल्या, ‘पोर चांगली शे. पन तिना बाप मनासंगे बोली का?’”

माझी पत्नी मोहिनी लगेच म्हणाली, “अहो, साधं विचारलंय त्यांनी...”

“साधं नाही,” मी तिला थांबवले. “हा भाषिक अस्मितेचा प्रश्न आहे. राजदीपच्या आजींनी, द्रौपदाबाईंनी, ‘बोली’ हा शब्द वापरला आहे. अहिराणी ही त्यांची बोली. मुलीचा बाप आपल्याशी आपल्या बोलीत संवाद साधेल काय, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे.”

मोहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. ती सावद्याची. सावद्याची माणसे केळीचा घड लांबून पाहून वजन सांगतात आणि उगाच वाद घालीत नाहीत. तिच्या पाठमोऱ्या शांततेचे वजन मी त्या दिवशी करायला हवे होते.

येथे माझ्या स्वतःच्या ओळखीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. असोद्यात मी ‘पितांबरचा ललित’. महाविद्यालयात ‘नारखेडे सर’. कॉलनीत ‘कोपऱ्यावरचे सर’. घरपोच सामान आणणाऱ्यांचा ‘काका’. असोद्याची बोली माझ्या जिभेवर होती, ती शिक्षणाच्या ओघात मी घडी घालून ठेवली आणि नंतर कुठे ठेवली ते विसरलो. आता माझी मराठी इतकी प्रमाण आहे की भाजीवाल्या मावशी मला पाहिल्यावर तराजू नीट धरतात. धुळ्याकडची अहिराणी ही तर आमच्या असोद्याच्या बोलीहूनही वेगळी. सारांश, शिकणे भाग होते.

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अहिराणीचा शब्दकोश मागितला. ग्रंथपाल मगन सरांनी तो संदर्भग्रंथ असल्याने घरी नेता येणार नाही, प्राचार्यांच्या शिफारशीने अर्ज करावा लागेल, असे सांगितले. अर्जात ‘प्रयोजन’ असा रकाना होता. ‘व्याह्यांच्या मातोश्रींशी संभाषण’ असे शासकीय कागदावर लिहिणे मला प्रशस्त वाटेना. मी लिहिले, ‘स्थानिक बोलीचा सखोल अभ्यास’.

त्याच सुमारास आमच्याकडे मूल्यांकन समिती येणार होती आणि ‘स्थानिक भाषांसाठी महाविद्यालयाने राबविलेले उपक्रम’ या मथळ्याखालची जागा रिकामी होती. प्राचार्यांनी माझा अर्ज हातात धरून मला बोलावले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

“नारखेडे, तुम्ही देवासारखे आलात!”

“सर, मला फक्त शब्दकोश...”

“शब्दकोशाचं काय घेऊन बसलात? आपण अभ्यासक्रमच सुरू करू!”

दुसऱ्या दिवशी मला आदेश मिळाला. ‘अहिराणी संवादकौशल्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम’ आणि त्याचा समन्वयक मी. मराठी विभागप्रमुखांनी, बोली ही भाषेच्या अखत्यारीत येते की समाजाच्या, अशी लेखी विचारणा केली. तिला उत्तर देण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली आणि तिचा निमंत्रकही मीच झालो. शब्दकोश मात्र मिळाला नाही. तो बाइंडिंगला गेला होता.

उद्घाटनाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली. मथळा होता, ‘अहिराणीचे गाढे अभ्यासक प्रा. नारखेडे यांच्या प्रयत्नांना यश’. छायाचित्र जुन्या वृक्षारोपणाचे होते. हातातले रोप कापून टाकल्यामुळे मी हवेत मूठ आवळून बोलीभाषेसाठी लढत असल्यासारखा दिसत होतो. ते कात्रण राजदीपने कौतुकाने आपल्या घरच्यांना पाठवले. संध्याकाळी त्याच्या आईचा, सविताताईंचा, फोन आला.

“सर, रविवारी या ना सगळे. आईंना बातमी वाचून दाखवली. त्यांनी गल्लीतल्या बायकांनाही बोलावलंय. म्हणाल्या, जळगावचे सर आपल्या भाषेत कसे बोलतात ते ऐकू.”

फोन ठेवल्यावर मी पाणी मागितले.

आता कॉलनीचा आधार घेणे भाग होते. आमच्या शेजारी सुकदेवभाऊ राहतात. ते मूळचे साक्रीकडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी अहिराणी शिकवण्याची विनंती केली, तेव्हा ते इतके हसले की त्यांच्या घरातून पाणी आणावे लागले.

“सर, भाषा शिकाडानी राहस का? ती त बोलानी राहस.”

समोरच्या ज्योत्स्नाताई चाळीसगावच्या. त्यांनी कुंपणावरूनच सावध केले. “सर, भाऊंचं ऐकू नका हं. ती साक्रीची अहिराणी. धुळ्याच्या आजी हसतील.”

“अन् चाळीसगावनी ऐकीसन काय रडतीन?” भाऊ म्हणाले.

या दोघांचे भांडण ऐकता ऐकता माझे अर्धे शिक्षण झाले. उरलेले सुकदेवभाऊंनी एका सूत्रात बसवले. “सर, ‘आहे’ दिसनं का ‘शे’ ठोकी द्या. ‘सर्व’ दिसनं का ‘बठ्ठा’. बाकी गाडी आपोआप चालस.”

शास्त्रीय मनाला सूत्राचा मोह असतो. मी मोबाइलवर एक छोटे भाषण प्रमाण मराठीत लिहिले. त्यात कृतज्ञता होती, विनय होता आणि प्रागतिक विचार होता. शेवटच्या परिच्छेदात आम्ही लग्नात कोणताही आहेर स्वीकारणार नाही, असे निक्षून सांगितले होते. रूपांतर सावकाश करू, असे म्हणता म्हणता रविवार उजाडला.

गाडीत मागे मोहिनी आणि मी, पुढे राजदीपने पाठवलेला चालक आणि त्याच्या शेजारी, ‘अडचण पडली तर असू द्या’ म्हणून घेतलेले सुकदेवभाऊ. एरंडोल आले तेव्हा भाऊंनी सवयीने “एरंडोल, चला एरंडोल!” अशी हाक दिली आणि चालकाने घाबरून गाडी थांबवली. पारोळ्यानंतर मी भाषण उघडले. प्रत्येक ‘आहे’ शोधत बसण्याइतका वेळ नव्हता. मोबाइलमध्ये एक शब्द देऊन त्याजागी दुसरा घालण्याची सोय असते. मी ‘आहे’ दिले, ‘शे’ घातले. ‘सर्व’ दिले, ‘बठ्ठा’ घातले. यंत्राने विचारले, ‘सर्व बदलायचे?’ मी मनातल्या मनात त्याची बोली दुरुस्त केली आणि होकार दिला.

पुन्हा वाचून का पाहिले नाही, असे मोहिनीने नंतर विचारले. रस्त्याला खड्डे होते, असे मी उत्तर दिले. ते खोटे नव्हते.

बैसाण्यांच्या ओसरीत सतरंज्या अंथरलेल्या होत्या. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींखाली गल्लीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मध्ये खुर्चीवर द्रौपदाबाई. लहान चणीच्या, हिरव्या लुगड्यातल्या, हातात काठी. मी “जय भीम, आजी” म्हणून हात जोडले. त्यांनीही जोडले, पण डोळे माझ्या तोंडावर रोखलेलेच होते. भाविका राजदीपच्या आईशेजारी उभी होती. तिने दुपट्ट्याचे टोक बोटांना इतके आवळून गुंडाळले होते की माझे सगळे पांडित्य त्या बोटांपाशी गोळा झाले. मी बसलो नाही. चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि घसा साफ केला.

“बठ्ठाप्रथम,” मी म्हणालो.

पुढच्या बायकांनी माना वर केल्या.

वाचताना मलाही तो शब्द अनोळखी वाटला होता, पण त्यात एक वजन होते. “बठ्ठाप्रथम मी बैसाणे परिवाराचे आभार मानतो. आमचं घर हे एक बठ्ठासाधारण घर शे...”

सुकदेवभाऊंनी तोंडावर रुमाल धरला. मला वाटले, ते गहिवरले.

“...आणि आजी, मी निक्षून सांगतो की आम्हाला तुमच्याकडून शेर नको. आम्ही एकही शेर घेणार नाही. शेर देण्याघेण्याची प्रथा बंद व्हावी, हेच आमचं मत शे.”

राजदीपचे एक काका खिशातून कागद काढीत होते, तो त्यांनी हळूच परत ठेवला. ते शायरी करतात, हे मला पुढे कळले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी “वाघ-शेर का?” असेही कुजबुजले. द्रौपदाबाईंनी काठी जमिनीवर टेकली आणि शांतपणे म्हटले,

“भाऊ, शेर नको म्हनतस ना? मंग पावशेर लई जा.”

मग जो हशा झाला, त्याचे वर्णन करण्याइतकी अलिप्तता माझ्यात अजून आलेली नाही. काठीसकट आजी हसत होत्या. सविताताई खांबाला धरून हसत होत्या. सुकदेवभाऊ तर सतरंजीवर आडवे झाले होते. भाविका हसत होती की रडत होती, ते कळेना. मी मोबाइलकडे पाहिले. ‘आहेर’ या शब्दाच्या पोटात ‘आहे’ असते, हे इतकी वर्षे मराठी लिहूनही माझ्या लक्षात आले नव्हते. यंत्राने ते पोट कापून ‘शे’ घातले होते. उरला होता शेर.

हे सगळे सोसले असते. पण मोहिनीही पदर तोंडात कोंबून हसू लागली, तेव्हा माझा संयम सुटला आणि माझ्याच तोंडून, मला न विचारता, बाहेर पडले,

“तू काबर हसू राह्यली वं? मी अठी काय तमाशा करू राह्यलो का?”

हशा थांबला. द्रौपदाबाई पुढे वाकल्या.

“भाऊ, हाई कोनती बोली?”

“ही... असोद्याची,” मी ओशाळून म्हणालो.

“मंग हाई बोला ना! मी इतलंच इचारं व्हतं, तिना बाप मनासंगे बोली का. तुम्ही त भाशन करी राहिनात.”

माझ्या डोक्यात अंधुक काहीतरी हलले. मी सुकदेवभाऊंकडे वळलो. “भाऊ, ‘बोली का’ म्हणजे काय?”

“बोलेल का? म्हंजे बोलतीन का मनासंगे, असं.”

“हे तुम्ही मला आधी सांगितलं का नाही?”

“तुम्ही इचारं का? तिकीट मांगं नही, मंग मी कसं देऊ?”

म्हणजे आजींनी कोणतीही बोलीभाषा मागितली नव्हती. ‘येई’ म्हणजे येईल, ‘करी’ म्हणजे करील, तसेच ‘बोली’ म्हणजे बोलेल. एका म्हाताऱ्या बाईने विचारले होते, ‘माझ्याशी बोलेल का?’ आणि मी त्यावर अभ्यासक्रम उभारला होता.

मी सतरंजीवर, त्यांच्या खुर्चीपाशी, बसलो. बऱ्याच वेळाने सुचलेली योग्य गोष्ट ती तेवढीच.

“आजी, ते ‘शेर’ नव्हतं,” मी म्हणालो. “आहेर होतं. तुमच्याकून काही आहेर नको, असं म्हनत होतो मी.”

आजींचे हसू मावळले. मग त्यांनी इतक्या हळू विचारले की मागच्या बायकांना ऐकू गेले नसावे.

“का बरं नको? आमना हातनं नही घेवावं, म्हनीसन?”

त्या क्षणी मला माझ्या प्रागतिक परिच्छेदाची भीती वाटली. यंत्राने त्या शब्दाचे पोट कापले नसते, तर ‘तुमच्या हातचे आम्हाला काहीच नको’ असे मी त्या घरात उभा राहून, चष्मा लावून, निक्षून सांगून आलो असतो. आणि तिथे कोणीही हसले नसते. आजींच्या वयाच्या माणसांनी ते वाक्य पूर्वी ऐकले आहे, आणि तेव्हा त्यात प्रागतिक काहीच नव्हते.

“नाही आजी, नाही,” एवढेच मला बोलता आले. सगळे शब्द नेमके तेव्हाच बाइंडिंगला गेले होते.

“तुमनी माय शे ना? ती का नही उनी?”

“बोलणी झाल्यावर आणू म्हटलं...”

“फोन लावा तिले.”

मी लावला. राजदीपने आवाज मोठा करून फोन आजींच्या हातात दिला. मला आईच्या ‘बरं’ची आठवण झाली. आईने आजवर हो म्हटले नव्हते, नाही म्हटले नव्हते. तिला सरळ कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही.

“बाई, मी धुयाथून बोलस. राजदीपनी आजी.”

“हा, बोला वं बाई.” आई फोनवर नेहमीच शिवारातून हाक मारल्यासारखी बोलते. सगळी ओसरी ऐकत होती.

“तुम्हनी नात आमना घर येई. तुम्ही येशात का? आमना घरनं खाशात का?”

भाविकाच्या बोटांवरचे टोक आणखी एक वेढा आवळले गेले. मी डोळे मिटले.

“पन मले दात नही वं बाई,” आई म्हणाली. “कळन्याची भाकर करजो, पन मऊ. कडक केली त मी चावू कशी?”

द्रौपदाबाईंनी एक मोठा श्वास सोडला.

“माले बी कोठे शेतस! आपुन दोन्ही दूधमा कुस्करी खाऊ.”

“बरं,” आई म्हणाली.

ते ‘बरं’ मात्र मला समजले. पुढे त्या दोघी मिरच्या, गुडघे आणि सुना या विषयांवर पुष्कळ वेळ बोलत राहिल्या. एक अहिराणीत, एक असोद्याच्या बोलीत. दोघींपैकी कोणालाही शब्दकोश लागला नाही. अखेरीस फोन परत देताना आजी राजदीपला म्हणाल्या, “तारीख धर रे.” भाविकाने दुपट्टा सोडला आणि येऊन त्यांच्या मांडीवर डोके ठेवले.

निघताना द्रौपदाबाईंनी माझ्या हातात एक पुडी ठेवली. घरी कांडलेले लाल तिखट होते. “पावशेर शे,” त्या म्हणाल्या. “नही म्हनू नका.”

मी दोन्ही हातांनी घेतली. परतीच्या वाटेवर मोहिनी म्हणाली, “मी त्या दिवशी हेच सांगत होते.” मी “बरं” म्हणालो.

कॉलनीत आता मी ‘पावशेर सर’ आहे. सुकदेवभाऊंनी हे नाव इतक्या निष्ठेने सर्वदूर पोचवले की कुरिअरवालाही त्याच नावाने घर विचारीत येतो. ओळख माणूस स्वतः ठरवीत नाही, चारचौघे ती त्याच्या हाती देतात, हे मी वर्गात शिकवीत आलो, पण देणाऱ्यांचे आभारही मानायचे असतात हे त्या टिपणांत नव्हते. ते आता मी टिपणांत घातले आहे.

परवा छापखान्यातून लग्नपत्रिकेचा नमुना पाहण्यासाठी बोलावणे आले. मालकांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ‘कृपया शेर आणू नये. पावशेर चालेल.’

“सर, इथे ‘आहेर’ पाहिजे ना?”

“नको. आहे तेच राहू द्या.”

“आणि निमंत्रकांत द्रौपदाबाई आणि बेबाबाई वर कशा? खाली तुमचं नुसतं ‘पितांबरचा ललित’ आहे. ‘प्रा.’ घालू का मागे?”

“‘प्रा.’ला जागा उरली तर पाहू,” मी म्हणालो. “बठ्ठाप्रथम त्या दोघींची नावं ठळक येऊ द्या.”